बरणीवरून निघालेलं लेबल

१७ एप्रिल २०१९. रक्कम काही नाही, कारण वस्तू भेट म्हणून आली होती. हजर पाच माणसं: माझे सासरे, सासूबाई, माझा नवरा, धाकटे दीर आणि मी.

दीर बोटीवर इंजिनखात्यात आहेत. सात महिन्यांनी रजेवर आले होते. हातखंब्याला महामार्गावर मुंबईच्या गाडीतून उतरले, नवऱ्याने तिथून त्यांना घरी आणलं, आणि जेवणं झाल्यावर दरवेळेप्रमाणे बॅग उघडायचा कार्यक्रम झाला. खजूर, चॉकलेटं, बाम, साबणाच्या वड्या, दोन टॉवेल. आमच्याकडे बॅगेतून जे निघतं त्याला सरसकट खाऊ म्हणतात, मग तो टॉवेल का असेना. तळाशी तीन मोठ्या बरण्या होत्या, अमेरिकन कंपनीच्या, पिवळ्या लेबलाच्या.

"बाबा, हे तुमच्यासाठी," भावोजी म्हणाले. "गुडघ्याला, हृदयाला, डोक्याला, सगळ्याला चालतं. आमचा चीफ घेतो. साठीला आलाय, पण शिडी चढतो ती माकडासारखी."

"आहे काय त्यात?"

"माशाचं तेल."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "रत्नागिरीत राहून मासळीचं तेल अमेरिकेहून? बंदरावर कळलं तर तुला परत बोटीवर नेऊन बसवतील."

सासूबाईंनी बरणी हातात घेऊन झाकण फिरवून बघितलं. "त्याल कसलं का असंना, बरणी झ्याक हाय. संपली की मला द्या. पावसात सुका जवळा मऊ पडतो माझा."

मी लेबल वाचलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे सगळं त्यावर आहे. मी लेबल वाचलं होतं. एकशेवीस कॅप्सूल. रोज दोन. म्हणजे एक बरणी साठ दिवस, तीन बरण्या एकशेऐंशी दिवस. मी एका शाळेच्या कार्यालयात हिशेब बघते. आकडे दिसले की माझी नजर तिथेच जाते, आणि आकडे सापडले की मला वाटतं वाचून झालं. वीस एप्रिलला सुरुवात केली तर सोळा ऑक्टोबरला संपणार, म्हणून मी कॅलेंडरवर सोळा ऑक्टोबरला खूण केली.

बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पोफळीच्या वीजघरात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडायचे, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. त्या गोळीबरोबर दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. तपासणीत एक आकडा येतो, तो दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची. हे काम घरात माझ्याकडे होतं. मी एक तक्ता केला होता: औषध, मात्रा, वेळ. महिन्याच्या सुरुवातीला औषधाच्या दुकानाची बिलं समोर ठेवून मी तो नव्याने लिहायची, म्हणजे एखादी गोळी बदलली असली तर सुटायला नको. डॉक्टर तो तक्ता बघून म्हणायचे, "सगळ्या घरांत असं कोणी असेल तर माझं काम निम्मं होईल."

भावोजींच्या बरण्यांचं बिल नव्हतं. त्या कपाटात औषधांच्या डब्यात नव्हत्याच, वरच्या फळीवर खजुराशेजारी होत्या. तक्त्यात त्या कधीच आल्या नाहीत.

बाबा सकाळी एक आणि रात्री जेवणानंतर एक कॅप्सूल घ्यायचे. तोंडात टाकण्याआधी ती खिडकीच्या उजेडात धरायचे. आरपार, मधासारखी दिसायची. अर्ध्या तासाने ढेकर आला की म्हणायचे, "आज पौर्णिमा, घरात वरणभात, आणि मला बांगड्याचा ढेकर. सूनबाई, हा मुलगा काय लबाड आहे, उपास मोडायचं औषध आणलंय."

एप्रिलमध्ये तो रक्ताचा आकडा दोन पॉइंट चार होता. जूनमध्ये दोन पॉइंट नऊ. ऑगस्टमध्ये तीन पॉइंट सहा. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "खाण्यात काही बदल? पालेभाज्या बंद केल्या का?"

"नाही," मी म्हटलं. "आठवड्यातून दोनदा, पूर्वीसारख्याच."

"दुसरं कुठलं औषध? गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली गोळी वगैरे?"

मी तक्ता पुढे केला. "एवढंच."

हे खोटं नव्हतं. मला विचारलं असतं की घरात बोटीवरून काय खाऊ आलाय, तर मी क्षणात सांगितलं असतं. त्यांनी औषध विचारलं, मी औषधं सांगितली. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी थोडी कमी केली. सप्टेंबरमध्ये आकडा तीन पॉइंट एक आला. आम्हाला बरं वाटलं.

तीस सप्टेंबरच्या सकाळी बाबा आंघोळ करून बाहेर आले, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले, आणि ते मला कळलं नाही. शब्दच नव्हते ते. मग दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तीन ऑक्टोबरला गेले.

भावोजी तेव्हा समुद्रावर होते. सहा दिवसांनी पोचले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी गावाकडची माणसं आली, बाबांच्या नोकरीतली दोघं-तिघं आली. सासूबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "माझ्या सुनेनं एक दिवस चुकवला नाय. लेकीनं केलं नसतं इतकं केलं. गोळ्या घड्याळाच्या काट्यावर." माणसं माझ्याकडे बघून मान हलवायची. त्या स्तुतीने मला त्या दिवशी धीर आला. पुढेही कोणी घरी आलं की त्या हेच सांगत राहिल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी तिसरी बरणी धुतली. आधीच्या दोन रिकाम्या झाल्याबरोबर धुतल्या होत्या. गरम पाण्यात भिजवायच्या, लेबल सुटलं की उरलेला चिकटा खोबरेल आणि राखेने घासायचा. बरण्या अशा निघाल्या की जणू कारखान्यातून कोऱ्या आल्या. दोन बरण्यांत जवळा, एकीत आमसुलं. उरलेल्या कॅप्सूल मी मोजून कागदात बांधल्या आणि कागदावर लिहिलं, ३४.

त्यानंतर पाच वर्षं त्या पुडीला कोणी हात लावला नाही. गेल्या पावसाळ्यात जुलैमधल्या एका रविवारी दुपारी वरच्या फळीला ओल आली म्हणून मी सगळं काढलं, तेव्हा ती मिळाली. माझंच अक्षर. चौतीस. तीनशे साठातून चौतीस गेल्या तर तीनशे सव्वीस, म्हणजे बरोबर एकशेत्रेसष्ट दिवस. वीस एप्रिल ते एकोणतीस सप्टेंबर. मी बोटांवर महिने मोजले, बरोबर आलं. खरंच एक दिवस चुकला नव्हता. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की एकशेत्रेसष्ट दिवस मी त्यांना दिलं ते नक्की काय होतं?

बरणीवरचं नाव आठवत होतं. भावोजींच्या एका जुन्या मेसेजमध्येही होतं. मी ते कॉम्प्युटरवर टाकलं. जाहिराती आल्या, त्या मी सोडल्या. मग एक साधी, पांढरी, सरकारी वाटणारी वेबसाइट उघडली. अमेरिकेत अशा पूरक गोळ्या, पावडरी, कॅप्सूल यांची लेबलं गोळा करून ठेवलेली असतात. नाव टाका, लेबल बघा. त्यात काय आहे, किती मिलिग्रॅम, एका वेळी किती घ्यायचं, काय इशारा छापलाय, आणि बरणीवरच्या लेबलाचा फोटोसुद्धा. पैसे नाहीत, नोंदणी नाही. कोणीही बघू शकतं. मला आधी माझ्या स्वभावाप्रमाणे आनंदच झाला. इतकी नीट नोंद! कंपनीने माल बदलला की नवं लेबल नव्याने चढवलेलं, जुनं तसंच ठेवलेलं. आपल्याकडे असं काही आहे का म्हणून मी नंतर एका देशी डब्यावरचा परवाना क्रमांक टाकून बघितला. कंपनीचा पत्ता मिळाला, लेबल मिळालं नाही.

आमच्या बरणीच्या नावाने दोन लेबलं होती. दोन्ही पिवळी. दोन्हींच्या पुढे लिहिलं होतं की हा माल आता बाजारात नाही. कंपनीने बंद केलेला, दुकानातून गेलेला, आमच्या घरातून खोबरेल लावून घासून काढलेला तो कागद तिथे नवाकोरा होता.

पहिल्या लेबलात फक्त माशाचं तेल. रोज एक.

दुसऱ्यात माशाचं तेल, ई जीवनसत्त्व भरपूर, आणि एका चिनी झाडाच्या पानांचा अर्क. रोज दोन. म्हणजे आमची बरणी हीच. त्या "दोन"च्या खाली, दोन बोटं अंतरावर, चौकटीत बारीक अक्षरात एक वाक्य होतं. रक्त पातळ करणारी औषधं घेत असाल तर वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

मी फोटो मोठा केला. लहान केला. पुन्हा मोठा केला. वाक्य कुठे जाणार? माझ्या हातात त्या दिवशी बरणी फिरताना ते माझ्या अंगठ्याखाली आलं असेल. किंवा आलंही नसेल, समोर असेल आणि मी "दोन"वर थांबले असेन. मला वाटू लागलं की मला ती चौकट आठवते आहे. मग वाटलं, आता बघितली म्हणून आठवते आहे. बाबा पोफळीत तासातासाला मीटरवरचे आकडे वहीत उतरवायचे. ते सांगायचे, नवा माणूस मागच्या तासाचा आकडा बघून पुढचा मनानेच लिहितो, आणि त्याला शपथेवर वाटत असतं की त्याने मीटर बघितलाय.

त्या वेबसाइटवरच एक सूचनाही होती. ही माहिती लेबलावर छापलेली आहे. बरणीत प्रत्यक्ष तेच आहे की नाही हे कोणी तपासलेलं नाही. मी त्या वाक्याला काही दिवस धरून राहिले. कदाचित त्यात पानांचा अर्क नसेलच. कदाचित नुसतं तेल असेल. पण मग मी हेही ओळखलं की मी बाबांच्या पोटात खोटा माल गेला असावा अशी आशा करते आहे.

नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उकरू नकोस. आणि त्याला तर अजिबात सांगू नकोस. तो बोटीवर एकटा असतो."

मी त्याचं ऐकलं. रविवारी भावोजींचा फोन यायचा, मी "सगळं ठीक" म्हणायची. स्वयंपाकघरात फळीवर त्या तीन बरण्या होत्या. जवळा काढायला हात घातला की काचेवर बोट फिरायचं, जिथे कागद होता तिथे. काहीच लागायचं नाही, इतकं स्वच्छ घासलेलं. आल्यागेल्यासमोर सासूबाई सांगायच्या, "एक दिवस चुकवला नाय हिनं," आणि मी चहा टाकायला आत जायची.

यंदा जानेवारीत भावोजी रजेवर आले. बॅग उघडली. खजूर, चॉकलेटं, बाम. आणि दोन बरण्या. कंपनी वेगळी, लेबल हिरवं.

"आई, तुझ्यासाठी. सांध्यांना. वहिनी, एक तुला, तू पण आता पन्नाशीची झालीस, लपवू नकोस."

सासूबाईंच्या छातीत दोन वर्षांपूर्वी दुखलं होतं. तेव्हापासून त्यांनाही रक्त पातळ ठेवायची एक छोटी गोळी आहे. त्यांनी झाकण उघडलंसुद्धा होतं.

"आई, ते घेऊ नका," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठा आला असावा, कारण तिघेही थांबले.

"का गो? इख हाय काय त्यात?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी भावोजींना म्हटलं, "जरा मागच्या दारी या."

मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. प्रिंट काढून ठेवली होती, तीही दिली. त्यांनी इंग्रजी मजकूर दोनदा वाचला.

"म्हणजे मी बाबांना मारलं असं म्हणतेस?"

"तुम्ही आणलंत. दिलं मी. वाचलं अर्धं, तेही मीच. डॉक्टरांना सांगितलं नाही, तेही मीच."

"कधी कळलं तुला हे?"

"जुलैत."

"जुलैत! आणि दर रविवारी सगळं ठीक, सगळं ठीक? वा, वहिनी. ऑफिसात एका रुपयाचा फरक आला तर घरी येऊन जेवत नाहीस. आणि हे सहा महिने पोटात घालून बसलीस?"

"समुद्रात असताना सांगायचं होतं?"

"नाय तर कधी? मी मेल्यावर?" त्यांनी प्रिंटची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "चीफ अजून माशाचं तेल घेतो गं. ठणठणीत आहे तो."

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारू या. त्यांच्याकडे बाबांची सगळी माहिती आहे. ते सांगतील ते ऐकायचं."

"आणि ते हो म्हणाले तर?"

"तर हो."

आम्ही आत वळलो तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. हातात ती हिरवी बरणी, झाकण लावलेलं. किती वेळ उभ्या होत्या माहीत नाही. "उद्या माझी पण तपासणी करून आणा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं रिक्षाने गेलो. मी बाबांची जुनी फाइल घेतली होती, प्रिंट घेतली होती, पुडी घेतली होती. दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टर ओळखीचे, त्यांनी सरळ आत बोलावलं. मी क्रमाने सांगितलं: तारखा, बरण्या, आकडे. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग फाइलमधला ऑगस्ट दोन हजार एकोणीसचा कागद काढला. त्यावर त्यांच्याच अक्षरात होतं की इतर औषधं नाहीत.

"असू शकतं," ते म्हणाले. "नसूही शकतं. वय होतं, बीपी होतं. रक्त पातळ करणारी ती गोळी एकटीसुद्धा हे करते, म्हणून तर आपण दर महिन्याला तपासत होतो. यात जे लिहिलंय त्याने भर पडली असेल. किती, ते आज कोणीच सांगू शकणार नाही."

"पण अंदाज?" मी विचारलं. "टक्क्यात?"

"ताई, मी अंदाज दिला तर तुम्ही तो आकडा आयुष्यभर धरून बसाल. मी देणार नाही." मग तो कागद टेबलावर सरळ करत म्हणाले, "मी औषधं विचारली होती. आणखी काय पोटात जातं, ते विचारायला हवं होतं. हल्ली विचारतो."

भावोजी पुडीकडे बघत बसले होते. "मी आणलं नसतं तर?" ते म्हणाले. प्रश्न कोणाला होता कळलं नाही.

सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांना ती तेलाची गोळी आवडायची हो. उजेडात धरून बघायचे. आवडीनं खाल्लान त्यांनी. ह्या दोघांना तेवढं सांगा."

डॉक्टरांनी सासूबाईंचं बीपी घेतलं, छाती तपासली, त्यांच्या गोळ्यांचा माझा तक्ता मागून घेतला आणि खाली स्वतःच्या पेनाने एक ओळ वाढवली: हिरवी बरणी, घेऊ नये. चौतीस कॅप्सूलची पुडी त्यांनी ठेवून घेतली. टाकून देतो म्हणाले. मी नको म्हणणार होते, म्हटलं नाही.

बाहेर काउंटरवर बाई बसल्या होत्या. भावोजींनी पाचशेची नोट काढली. मी पर्स उघडत होते, त्यांनी हाताने अडवलं.

"केसपेपर नव्हता काढलात तुम्ही," बाई म्हणाल्या. "पेशंट कोण? नाव सांगा."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या फाइलकडे बघितलं. त्यावर बाबांचं नाव होतं. बाई पेन धरून वाट बघत राहिल्या.

"माझं लिवा," मागून सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, मधलं नाव जरा सावकाश. वय विचारल्यावर चौऱ्याहत्तर सांगितलं.

डॉक्टरांची फी चारशे रुपये, काउंटरवरच्या बाईंना रोख दिली. दिली भावोजींनी. शंभर परत आले. पावती सासूबाईंच्या नावाची आहे.